एडनचे अमीर आणि माझं तिकीट

ब्राउनश्वाइग, जर्मनी, फेब्रुवारी १९५९, संध्याकाळ

रेडिओ ऐकून नातू म्हणाला, "आजी, एडनजवळ अमिरांचं नवं संघराज्य झालं. राज्य त्यांचं, इंग्रज फक्त सल्ला देणार."

"आणि नाही ऐकला तर?"

"ऐकावाच लागतो. तसा तहच आहे."

मी पोट धरून हसले. मग जेवताना हाच शहाणा म्हणतो, "घर तुझंच आहे गं, पण आमचा सल्ला आहे, तू पुण्याला परत जा."

पुण्यात माझं कोण उरलंय? मी पुन्हा विचारलं, "आणि नाही ऐकला तर?" नातसून सुधा म्हणाली, "आजी, बोटीचं तिकीट काढलंय."

तीच आता हे लिहून घेतेय. लिही, सुधा. अमिरांना निदान तोफांची सलामी तरी मिळाली असेल. अक्षर नीट काढ. मला वाचता येत नाही, तुझ्या नवऱ्याला येतं.