नास्तिक मंडळातून बाईंना काढलं

रविवार, ४ मार्च

आज सगळ्यांचे कप मी विसळले. जिन्यात पाय घसरला आणि तोंडातून ‘अरे देवा’ निघून गेलं. मंडळाचा नियमच आहे – देवाचं नाव ज्याच्या तोंडून जाईल, त्या रविवारचे कप त्याच्याकडे. ‘देव जाणे’लाही तीच शिक्षा. नियम अध्यक्षांचा, म्हणजे आमच्या चष्मेवाल्यांचा. बाई म्हणाल्या, “बाळ्या, पोरीच्या पायाला लागलंय का ते तरी आधी विचार.”

बाळ्या म्हणजे चष्मेवालेच. डोकं पांढरं झालंय, स्वतःचं चष्म्यांचं दुकान आहे, नास्तिक मंडळ चालवतात – आणि थोरल्या बहिणीपुढे बाळ्या. बहीण शाळेत गणित शिकवायची. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, अजून सगळे बाईच म्हणतात. दोघं दुकानामागे राहतात, मंडळ दुकानावरच्या खोलीत भरतं. मी दुकानात काचा घासते. गावोगाव फिरत आले, आठवड्यापुरती म्हणून थांबले होते. थंडी आली, संपली, मी इथेच.

सभा सुरू होताना एकेकाने उभं राहून सांगायचं. चष्मेवाले – “मी देव मानत नाही.” पोस्टमन – तेच, पण जोरात. नर्स, बेकरीवाली – तेच. बाई – “मी मानत नाही. पण तो नाहीच, हे मला माहीत नाही.” मी – “माझंही तसंच.” आणि लगेच खाली बसले, कारण खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या भिंतीवर रंगारी दोरीला लटकून पाटी रंगवत होता. अक्षरं उलट्या बाजूने काढत होता, शेवटापासून सुरुवातीकडे! असं का ते विचारायला जायचं होतं. राहिलं.

मंगळवार, ६ मार्च

बाईंनी पकडलं. “तुझं ‘तसंच’ म्हणजे काय गं?”

म्हटलं, माहीत नाही.

“ते माहीत नाही नव्हे, तो आळस आहे. ‘माहीत नाही’ म्हणायला आधी शोधून दमावं लागतं.”

मग समजावलं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत म्हणे. मानतेस का – हा एक. ठाऊक आहे का – हा दुसरा. पहिल्याला त्या भावाइतक्याच चटकन ‘नाही’ म्हणतात. दुसऱ्याला भाऊ म्हणतो ‘ठाऊक आहे, नाहीये’, आणि तिथे त्या थांबतात. “सिद्ध न करता मी फळ्यावर कधी काही ठेवलं नाही. आता या वयात कशाला सुरू करू?”

आतून चष्मेवाले ओरडले, “या टेबलाखाली वाघ नाही, हेसुद्धा सिद्ध करू का ताई?”

“टेबलाखाली वाकून बघता येतं. तू कुठे वाकून बघितलंस?”

“माझी कंबर तुला माहीत आहे.”

अर्धं कळलं. मानत तर दोघंही नाहीत. मग जेवायच्या टेबलावर रोज एवढी खडाजंगी कशाची? ऐकायला मात्र मजा येते. कालची भाजी करपली, कुणाच्या लक्षात नाही.

रविवार, ११ मार्च

आज भलतंच झालं. पोस्टमनने ठराव आणला – जे ‘माहीत नाही’ म्हणतात, त्यांनी मंडळात असू नये. एकट्या बाईंसाठी ठराव! (माझ्यासाठीही खरं तर. पण मला कोण मोजतंय.)

पोस्टमनने सगळी नोकरी घरोघर पत्रं टाकण्यात काढली. तो म्हणाला, “पत्ता सापडला नाही तर पत्र परत. ‘असेल कुठेतरी’ म्हणून आम्ही थैलीत घेऊन फिरत नव्हतो.”

बाई म्हणाल्या, “परत करताना त्यावर काय लिहायचात? ‘पत्ता सापडला नाही’ असंच ना? की ‘हा माणूस जगातच नाही’ असं?”

नर्सला हसू आवरेना. मला वाटलं, संपलं. पण चष्मेवाल्यांनीच ठरावाला अनुमोदन दिलं. चौकात कुणीतरी त्यांना म्हणालं होतं – घरची बहीणच डळमळीत, आणि हे निघालेत जगाला शहाणं करायला. ते फार लागलंय त्यांना. बाईंकडे न बघता बोलत होते.

मतदान पुढच्या रविवारी.

सोमवार, १२ मार्च

जेवताना दोघं एकमेकांशी फक्त मिठाबद्दल बोलले.

रविवार, १८ मार्च

असलं मतदान जगात कुठे झालं नसेल. सहा जण, सहा चिठ्ठ्या. ठरावाच्या बाजूने दोन – चष्मेवाले आणि पोस्टमन, दोघांनी आधीच सांगितलं होतं. विरुद्ध एकही नाही! नर्सने लिहिलं, ‘नक्की सांगता येत नाही.’ बेकरीवालीने लिहिलं, ‘दोन्ही बाजू पटतात.’ बाईंनी लिहिलं, ‘स्वतःबद्दल मत देणं योग्य वाटत नाही.’ माझी चिठ्ठी कोरी. मी लिहिणारच होते, पण खिडकीवर एक पक्षी आला, त्याच्या चोचीत चक्क केसांची पिन होती, आणि तेवढ्यात चिठ्ठ्यांचा डबा पुढे आला.

आम्ही चौघी मिळून सहज जिंकलो असतो. दोन विरुद्ध शून्यने हरलो.

आधी सगळे हसले. मग कुणालाच पुढे काय करावं कळेना. बाई उठल्या. चष्मेवाले म्हणाले, “ताई, बस ना. चहा होतोय.”

“चहा सभासदांना असतो, बाळ्या. नियम तुझाच.”

रागाने नाही म्हणाल्या. चिठ्ठ्या गोळा केल्या, टोपलीत टाकल्या, खाली गेल्या.

गुरुवार, २२ मार्च

बाई खुशीत आहेत. जेवायच्या टेबलावर नकाशा पसरलाय, ताटं मांडीवर घ्यावी लागतात. “माझे रविवार मोकळे झाले. जन्मभर एका फळ्यासमोर उभी होते, आता फिरून येते.” या महिन्याच्या शेवटी निघणार. मला विचारत होत्या – अनोळखी गावात उतरल्यावर आधी काय बघतेस? म्हटलं, नळ. त्यांनी लिहून घेतलं.

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरलाय. त्यांना वाटतं, ती ठरावामुळे घर सोडतेय. फेरमतदान घ्यायचं तर वर्षभर थांबावं लागतं – तोही नियम त्यांचाच. दुपारी माझ्याजवळ येऊन काचा उगाच पुसत बसले. “तू सांग ना तिला, जाऊ नको म्हणून. आई गेली तेव्हा मी लहान होतो. हिनेच वाढवलं. या घरात मी एकटा कधी राहिलोच नाहीये.”

“तुम्हीच सांगा की.”

“माझं नाही ऐकायची.”

“विचारलंत?”

“विचारायला कशाला हवं? मला माहीत आहे.”

मी पुढची काच घासायला घेतली. खरं तर वसंत लागला की मी निघणार होते. झाडांना पालवी फुटून किती दिवस झाले. पाय कसे शिवशिवत नाहीत, याचंच नवल वाटतंय.

रविवार, २५ मार्च

सभा झाली. सगळ्यांचं सगळ्यावर एकमत. पोस्टमनला डुलकी लागली.

सोमवार, २६ मार्च

बाईंना प्रवासासाठी नवा चष्मा हवा होता. चष्मेवाले कसे तपासतात ते मला पाठ आहे – एक काच, मग दुसरी, आणि विचारायचं, हे स्पष्ट की ते? काचा बदलत बदलत अशा जागी आणायचं, की माणसाला दोन्हीतला फरकच कळू नये. तिथे थांबायचं. तोच त्याचा खरा नंबर. उगाच ठासून ‘पहिलं!’ ‘दुसरं!’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना ते फार वैतागतात. त्यांचे चष्मे परत येतात.

बाई खुर्चीत बसल्या. दोघं आठवड्याने इतके जवळ आले होते.

“हे की ते?”

“पहिलं.”

“आता?”

“दुसरं, किंचित.”

“आता?”

बाईंनी बराच वेळ घेतला. “सांगता येत नाही.”

“शाब्बास,” चष्मेवाले सवयीने म्हणाले. “हेच पाहिजे होतं.”

आणि काच हातात तशीच राहिली. मी घासायचं यंत्र बंद केलं. बाईंच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट, त्यातून त्या भावाकडे बघत होत्या. आधी बाईंचे खांदे हलायला लागले, मग चष्मेवाल्यांचे. हसता हसता चौकट पडली. मी उचलायला वाकले, तर चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी.

“तरी तो नाहीये, ताई,” डोळे पुसत म्हणाले.

“नसेलही,” बाई म्हणाल्या. “दुसरा डोळा बघ आता.”

शनिवार, ३१ मार्च

सकाळी चष्मेवाले बाईंची बॅग पोचवायला म्हणून निघाले, तर दुसऱ्या हातात त्यांची स्वतःचीही होती. बाई म्हणाल्या, “मला विचारलंस?” ते म्हणाले, “येऊ का?” बाई म्हणाल्या, “चल.” झालं. दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात. मी विचारलं, परत कधी? त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी नकाशाकडे. “ते आत्ता कसं सांगता येईल?” असं म्हणून चष्मेवाले गेले.

मी दुकान उघडलं.