आईच्या कोंबड्या इथे अंडी घालत नाहीत

३ मार्च, सोमवार
सहा कोंबड्या! एका टोपलीत! दादाने आईला गाडीतून उतरवलं आणि मागोमाग ही टोपली. मी दारात आ वासून उभी. न्हाणीघरात पडून कमरेला मार बसल्यावर तिने एकटं राहायचं नाही, एवढंच ठरलं होतं—कोंबड्यांचं कोणी बोललंच नव्हतं!

जेवताना आईने सगळ्यांसमोर जाहीर केलं—"कोंबडी जिथे मनाने अंडं घालते ते तिचं घर. महिनाअखेरपर्यंत ह्यांनी इथे अंडी घातली तर मी राहीन. नाहीतर त्या आणि मी, सगळ्याच परत." दादा हसला. मला हसू आलं नाही. परत म्हणजे तेच निसरडं न्हाणीघर, आणि हाक मारली तर ऐकायला कोणी नाही.

आमच्या ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. सासू-जावयाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, लग्नापासूनचं. कोंबड्या आणि आई एकदम गेल्या तर हे सुटकेचा निःश्वास टाकतील.

६ मार्च
मागच्या अंगणात खुराडं उभं राहिलं. अंडी घालायला तीन खोकी मी स्वतः केली, फळांच्या जुन्या पेट्यांची. आत पेंढा. मांजराच्या भीतीने भिंतीवर चांगली उंच ठोकली, कोंबड्यांच्या बसायच्या दांडीच्याही वर. हे म्हणाले, "महाल झाला. आता आंघोळीला गरम पाणी पण देत जा." आई खुर्चीतून बघत होती.

९ मार्च
अंडं नाही. खोक्यांत नुसती घाण! ह्या बया रात्री दांडी सोडून खोक्यांतच झोपतात!

११ मार्च
कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं. पोट धरून हसला मेला. "ताई, कोंबडी सगळ्यात उंच जागी झोपते. खोकी दांडीच्या खाली हवीत, आणि आत अंधार. पडदे लावा. घरात कोणी जाणतं माणूस नाही का?"

जाणतं माणूस! जन्मभर कोंबड्या पाळलेली बाई माझ्या घरात बसलीय! घरी येऊन विचारलं, "आई, खोकी उंच झाली, तुला माहीत होतं?"
"होतं की."
"मग बोलली का नाहीस?"
"तू विचारलंस का?"

म्हणजे मुद्दाम मूग गिळून बसली होती! खोकी फसायला हवीत तिला. माझ्यापेक्षा ते निसरडं न्हाणीघर बरं वाटतंय. फार लागलं मनाला. रात्री जेवले नाही.

१३ मार्च
खोकी खाली घेतली. हातोडी अंगठ्यावर बसली, नख काळंनिळं. भर उन्हात एकटीच रडत होते, शिव्या घालत होते, ठोकत होते. वळून बघते तर आई मागच्या दारात, काठी धरून. कधीपासून उभी होती कोण जाणे. "पुरे कर आता," म्हणाली. म्हटलं, "नाही करणार!" जुन्या परकराचे पडदे लावूनच उठले.

१४ मार्च
कोंबड्या पडद्यांकडे बघतात आणि निघून जातात. अंडं नाही.

१५ मार्च
अंडं!!! मधल्या खोक्यात! तपकिरी, गुळगुळीत! ओरडतच घरात गेले. शेजारीण खिडकीत आली—तिला वाटलं चोर शिरला. आईने अंडं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. "हं. बरं आहे." एवढंच! दगडाची आहे का ही?

१६ मार्च
आज दोन!

२० मार्च
आजच्या अंड्यावर शिक्का! लाल शाईचा! माझ्या कोंबडीने तारीख छापून अंडं घातलं! आणि गारढोण, फ्रीजमधून काढल्यासारखं. मी तिथेच पेंढ्यात बसकण मारली.

ह्यांचंच काम. सकाळी दूध आणायला हेच जातात, आणि परत येताना हल्ली मागच्या दाराने येतात. माझ्या ध्यानात कसं आलं नाही! आईसमोर दोन वाक्यं धड न बोलणारा माणूस तिने राहावं म्हणून दुकानातली अंडी खोक्यात ठेवतोय! हे माझे हे? इतक्या वर्षांत मी ह्यांना ओळखलंच नाही. डोळे भरून आले.

पण आईला कळलं तर? फसवलंत म्हणेल आणि आजच पिशवी भरेल. शिक्का साबणाने खसाखसा घासला, निम्माच गेला. शेवटी अंडं फोडून ऑम्लेट केलं. आईनेच खाल्लं ते. "मीठ कमी आहे," म्हणाली.

२१ मार्च
ह्यांना मागच्या दारात गाठलं. "अहो, शिक्का तरी बघायचा! आईच्या नजरेला पडला असता म्हणजे?"

हे आधी गोंधळले. मग आत डोकावून हळूच म्हणाले, "त्यांनीच तर सांगितलं. तुझा अंगठा ठेचला ना, त्या संध्याकाळी. म्हणाल्या—जावईबापू, चारचौघांत बोलून बसलेय, आता शब्द मागे कुठल्या तोंडाने घेऊ? तेवढी अंडी आणून ठेवत जा. आणि तिला कळू देऊ नका."

उद्या खोक्यात अंडं दिसलं की ओरडतच घरात जायचं.