मोनिकाची पावडर

१० एप्रिल २०२५
घोडी लंगडतेय. कोल्हारच्या वरातीत डांबरावर नाचवली, पाय सुजणारच. डॉक्टर आले होते. दुखण्याची पावडर द्या म्हणाले — पाचच दिवस, भरल्या पोटी. जास्त झाली तर पोटात जखमा होतात, आतडी सुजतात. सकाळी हे दुधाचा टेम्पो घेऊन जातात, म्हणून पावडरीचं काम माझ्याकडे.

११ एप्रिल
चारा टाकायच्या आधीच दिली. गुळातून. चाटून खाल्ली.

१५ एप्रिल
पायाची सूज उतरली. पावडर उरलीय. बंद का करू?
माझं पोर पोटातच गेलं तेव्हा मी दवाखान्यात एकटी होते. हे मोनिकाला घेऊन वरातीत! मोनिका — घोडीचं नावसुद्धा यांनीच ठेवलेलं. घरी आणल्यावर मला विचारलं, जेवलीस का. तोंड घोडीकडे, हातात खरारा.

२३ एप्रिल
दाणा अर्धा टाकला. दात खाते, सारखी पोटाकडे वळून बघते. हे म्हणाले, ऊन लागलं असेल. मी म्हटलं, असेल.
बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

२८ एप्रिल
एवढं होऊनही काल लग्नात नाचली! हे रात्रभर तिचंच कौतुक सांगत होते. उरलेली संपली होती; दुकानातून आणखी पुड्या आणल्या आणि आज पावडर वाढवली.

४ मे
पहाटेपासून पाण्यासारखं शेण. पोटाखाली सूज. लोळत होती, उठवत नव्हतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण मान हलवली. आतून पार सोललीय म्हणाले. मग विचारलं, "पाच दिवसांनंतरही पावडर कोण देत होतं?"
हे लगेच म्हणाले, "मीच, सायेब. लग्नाच्या दिशी दोन-दोन पुड्या देत हुतो. त्याबिगर नाचतच नव्हती. हिला ठावं न्हाई."
मला वाटलं, मला वाचवतायत. पण यांनी टेम्पोतून रिकाम्या पुड्या आणून डॉक्टरांपुढे टाकल्या.
दुपारी मोनिका गेली. मी पुड्या गोळा करून चुलीत घातल्या. माझ्याकडच्याही.

६ मे
जेवत नाहीत. "म्याच मारली तिला," एवढंच बोलतात.

७ मे
आज माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी केसांतून हात फिरवत राहिले.
सांगितलं नाही. सांगणार नाही.