रबर रोल आणि शिंगाडे

१० ऑक्टो. २०११
शेठ पोरांच्या प्रोजेक्टला पैसे द्यायला हो म्हणाले! राईस मिलच्या त्या धुळीत ताटकळत बसले त्याचं चीज झालं. नागपूरहून रेडिमेड प्रोजेक्ट विकत आणायचा, वर आपल्या नावांची पट्टी चिकटवायची, परीक्षकाने काही विचारलं की खाली बघायचं. इंजिनिअरिंगच्या फायनल इयरचा हा तमाशा लेक्चरर झाल्यापासून बघतेय. यंदा एका ग्रुपला तरी सामान मिळेल. स्वतः कापतील, जोडतील, मोडतील. शेठची अट एकच, "मॅडम, चलती हुई चीज दिखाना." जमलं तर दरवर्षी देणार. कुडव्याला घरापर्यंत स्कूटीवर एकटीच हसत आले.

१४ ऑक्टो.
विषय पायलने आणला. ती नवेगाव बांधची, आई तलावातले शिंगाडे सोलून विकते. "मॅडम, मायच्या बोटाईले हिवाळाभर चिरा राह्यते. सोलाची मशीन करू ना." ग्रुपमधली बाकीची पोरं लगेच तयार. हेवा वाटला. आम्हाला कॉलेजात नुसत्या आकृत्या काढायला लावल्या होत्या.

२ नोव्हें.
शेठना विषय सांगितला. खूश. मिलमध्ये धान ज्या दोन रबर रोलमधून सोललं जातं, तसली जुनी जोडीच काढून दिली. "धान छिलता है, तो सिंघाड़ा क्यों नहीं छिलेगा?" मला पटलं. पोरांनाही पटलं.

२३ नोव्हें.
नाही सोलत. शिंगाड्याला दोन्हीकडे शिंगं! रोल फिरले, शिंगांनी रबराचे लचके तोडले, आतल्या गराचा लगदा. आम्ही गोंदियाची माणसं, जगातली प्रत्येक साल धानासारखीच निघते असं धरून चाललो. पायलने एक शिंगाडा उचलून शिंगावर बोट टेकवलं. मग, "मॅडम, हे काटे तं मी लहानपणापासून पाहून राहिली. मले काऊन नाई सुचलं?"
मलाही नाही सुचलं. आणि रोल शेठचे. त्यांना कोणत्या तोंडाने दाखवायचं?

२४ नोव्हें.
एच.ओ.डी. सर म्हणतात, "शेठ शनिवारी येऊन राहिले. नागपूरहून बटाटे सोलायची मशीन आणा, रंग मारा, विषय संपवा. फंड गेला तर पुढच्या पोरांचं नुकसान तुम्हीच केलं म्हणेन मी." फार राग आला. ते अगदीच चूक बोलत नव्हते, म्हणून जास्त.
पोरं रंग मारायला तयार. पायल नाही. "मायले काय सांगू मग? कोनाची मशीन हाय ते?"

२६ नोव्हें.
आमचीच दाखवली. धैर्यबिर्य काही नाही, शेठची गाडी गेटात शिरेपर्यंत माझं ठरत नव्हतं. लगदा उडाला तो थेट त्यांच्या पांढऱ्या पँटवर. सरांनी डोळे मिटून घेतले.
शेठ म्हणाले, "तो पैसा पानी में गया?"
पायल म्हणाली, "नाई शेठजी. रबर चालत नाई, हे कळलं. आता पहिले शिंगं कापाची सोय करतो."
"रबर तो मैंने दिया था."
"हो."
बस. माफी नाही, सारवासारव नाही. पोरीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी कळलं, आटोपलं सगळं. शेठनी फाटक्या रबरावरून हात फिरवला. चहा न घेता गेले.

९ डिसें.
शेठकडून निरोप नाही. फोन केला की मुनीम उचलतो, "देखते हैं मॅडम." सर माझ्याशी कामापुरतं बोलतात. पायलचा ग्रुप भंगारातल्या पात्या घासत बसलाय, शिंगं कापायला. एक कापलं जातं, दुसरं राहतं...
संध्याकाळी थर्ड इयरच्या दोन मुली दारात. मोहफुलं झेलायच्या जाळीचं चित्र काढून आणलेलं. "मॅडम, आमच्या वर्षाचं आतापासूनच सुरू केलं तं चालन का?"
पैशाचं त्यांनी विचारलंच नाही. आपोआप मिळतात असं समजून चालल्यात बिचाऱ्या. सांगायला तोंड उघडलं, आणि वर्कशॉपची किल्ली देऊन बसले.