चोरी नव्हे, गहाळ

प्रिय सृष्टी,

तीन आठवडे तुझा फोन उचलला नाही आणि आता एकदम पत्र! घाबरू नकोस, तुझी आई ठणठणीत आहे. मीही मजेत आहे, जरा जास्तच.

आधी माझी फजिती ऐक. तू वर्तमानपत्र सोडून पोलीस ठाण्यात कॉम्प्युटरवर तक्रारी टाइप करायला जाणार म्हणालीस, तेव्हा पोरीला एकदाची अक्कल आली म्हणून मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. शिफारसही मीच केली. निवृत्त हवालदाराची मुलगी, कोण शंका घेणार? दीड महिना तू तिथे बसून बातमी गोळा करत होतीस, हे मला तुझ्याच पेपरच्या पहिल्या पानावर कळलं. त्याच ठाण्यातला माझा जुना जोडीदार रामदास फोन करून म्हणाला, मुलीने चांगले पांग फेडले हो तुमचे! मी इतका चिडलो की तो पेपर घरात ठेवू दिला नाही.

पण तुझी आई कसली ऐकते! तिने तो कपाटात साड्यांखाली लपवला आणि सकाळी मुद्दाम मोठ्याने वाचायला घेतला. मी ऐकत नसल्यासारखा चहा पीत होतो. तू लिहिलं होतंस, तक्रारदाराला आधी दोन तास बाकावर बसवायचं आणि मग प्रेमाने विचारायचं, सापडलं का? इथे मला ठसका लागला. ती युक्ती रामदासला मीच शिकवली होती. स्वारगेटला लॅपटॉप चोरीला गेलेल्या त्या मुलीचं ऐकलं मात्र, हसू थांबलं. चोरी लिहिली की ठाण्याचा गुन्ह्यांचा आकडा वाढतो, म्हणून तिच्या अर्जावर तुला ‘गहाळ’ लिहायला लावलं. ती रडली, तर सगळे हसले. मी तिथे असतो तर मीही हसलो असतो, सृष्टी. फार लाज वाटली.

परवा आईने सांगितलं, की पोलीस खातं सगळं खोटं म्हणतंय. आणि सोमवारच्या आत खात्यातला एक तरी साक्षीदार आण, नाहीतर माफी मागून घरी बस, असं संपादकांनी तुला बजावलंय. तरी तू आईकरवीही मला एका शब्दाने विचारलं नाहीस. हट्टीपणात अगदी माझ्यावर गेली आहेस.

म्हणून आज इस्त्रीचा शर्ट घालून तुझ्या बातमीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे जाऊन आलो. एकतीस वर्षांत चोऱ्या कशा ‘गहाळ’ केल्या ते सगळं सांगितलं, पहिलं नाव स्वतःचंच घातलं. रामदास आता बोलणार नाही. न का बोलेना. हे पत्र आणि जबाबाची प्रत घेऊन आई उद्या वाघोलीला तुझ्या खोलीवर येईल. प्रत संपादकांच्या टेबलावर ठेव आणि रविवारी जेवायला घरी ये. एक सांगायचं राहिलं. सहीआधी मी जबाब वाचायला मागितला, तर लेखनिक वैतागला. म्हणाला, त्यात वाचायचं काय, करा सही. हेच मी लोकांना आयुष्यभर ऐकवलं. आज स्वतः ऐकून घेतलं, चष्मा चढवला आणि शब्दन् शब्द वाचून मगच सही केली.

तुझाच,
आप्पा