निळ्या गाडीचे काय करायचे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, चष्मा लावला की नजरही आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे माणूसच नाही.

कलम पहिले. राहती दोन खोल्यांची जागा, बँकेतली ठेव आणि शिवणयंत्र माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावे. ती दूर राहते, पण रविवारी फोन करते आणि बोलताना मागे भांडी घासत नाही, एवढे मला पुरे. स्वयंपाकघरातली खिडकी जरा उचलून लावावी लागते. जोर केला तर हातात येईल.

कलम दुसरे. माझ्या दिरांना काही नाही. यजमान गेले त्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "वहिनी, गाडी नुसती उभी राहून गंजेल, मी घेऊन जातो." तेव्हा मी साठीला टेकले होते आणि स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. त्यांच्या नाकावर टिच्चून गाडी शिकले. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे आणि हे आभार त्यांना लेखी मिळावेत.

कलम तिसरे. माझी पार्किंगची जागा समोरच्या दारातल्या गृहस्थांना वापरू द्यावी. तिच्यावरूनच त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. आता जागा मिळेल, बोलायला मात्र मी नसेन.

कलम चौथे. (हे कलम खोडले आहे. वाचता यावे म्हणून रेघ एकच मारली आहे.) माझी निळी गाडी लाकडाच्या वखारीशेजारच्या गॅरेजच्या मिस्त्रींना द्यावी.

कारण लिहिते. दिरांच्या सांगण्यावरून पहिल्यांदा मी गाडी कंपनीच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली होती. वागणूक चांगली होती, खोटे कशाला बोलू. टोकन मिळाले, काचेच्या गार खोलीत खुर्ची मिळाली, संध्याकाळी गाडी धुऊनपुसून पुढ्यात आली. फक्त दिवसभरात माझ्याशी कोणी बोलले नाही, आणि तसे दिवस मला घरी फुकट मिळतात.

पुढच्या खेपेला मिस्त्रींकडे गेले. त्यांचा एक नेम आहे. काम झाले की ते गाडीच्या मालकाला शेजारी बसवतात, काचा वर करतात, रेडिओ बंद करतात आणि पाण्याच्या टाकीपर्यंत एक फेरी मारून आणतात. फेरीत कोणी बोलायचे नाही, नुसते ऐकायचे. "मला काय, सगळ्याच गाड्यांचे आवाज बरे वाटतात, काकू. तुमच्या कानाला पटला पाहिजे." घाईच्या गिऱ्हाइकांना या फेरीचा वैताग येतो. मला कधी आला नाही. यजमान गेल्यापासून माझ्या शेजारी बसून, माझ्या वस्तूकडे कान लावून, दुसरे कोणी असे गप्प बसलेले नाही. घरातली शांतता वेगळी आणि ही वेगळी. ती टाकी आणखी लांब असती तर बरे झाले असते.

त्यामुळे मी गरजेपेक्षा जास्त वेळा जात असे. ते ऑइलची कांडी पुसून म्हणत, "काकू, ऑइल अजून चांगलं आहे की."

"मग ब्रेक बघा."

"ब्रेक गेल्या खेपेला बघितले."

"मग पुन्हा बघा. ते काही लाजणार नाहीत."

ते हसत, बघत, आणि फेरी मारून आणत.

कलम पाचवे. वकीलबाईंनी बजावले की साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. झाला तर मिळायचे ते हातचे जाते. मला वाटले, दोन माणसे म्हणजे काय मोठेसे! आठवत बसले. दूध दाराला अडकवलेल्या पिशवीत येते. दवाखान्यात दर खेपेला नवा डॉक्टर असतो. मैत्रिणी एकेक करून गेल्या. समोरच्या गृहस्थांचे वर आलेच आहे. दुपार सरली तेव्हा माझ्यापाशी एकच माणूस उरला होता, आणि त्याला मी गाडी देऊन बसले होते. त्या दिवशी मी रडले. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत, पण खरे आहे.

आज कागद घेऊन गॅरेजमध्ये आले. मिस्त्रींनी हात पुसून तो उभ्यानेच वाचला.

"गाडी मला, काकू?"

"हो. पण सहीलाही तुम्हीच हवे आहात, आणि दोन्ही एकदम चालत नाही."

"सहीला दुसरं कोणी नाही?"

"असतं तर इतक्या वेळा ब्रेक दाखवायला आले असते का?"

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "माझं नाव खोडा."

"अहो, पण गाडी?"

"गाड्या माझ्याकडे रोज येतात. या कागदावर तुम्हाला ओळखणारं कोणीतरी नको का?"

म्हणून चौथे कलम मी स्वतः खोडले आहे. गाडीही भाचीलाच द्यावी. तिने ठेवावी किंवा विकावी, अट नाही. विनंती एवढीच की नेण्याआधी ती मिस्त्रींना एकदा दाखवावी, आणि ते शेजारी बसा म्हणाले तर बसावे. घाई करू नये.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. वरचा मजकूर मी वाचून पाहिला आहे, मला तो मान्य आहे, आणि खालच्या दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आहे.

(सही)
ठिकाण: गॅरेजमधले बाकडे
दिनांक: सात तारीख, सोमवार

साक्षीदारांनी आपापल्या हाताने लिहावे:

एक. (सही) मी पंक्चर काढायला आलो होतो. बाईंना आज पहिल्यांदाच पाहिलं. सही माझ्यासमोर झाली.

दोन. (सही) गॅरेजचा मिस्त्री. काकूंना मी चांगला ओळखतो. या कागदातून मला काही मिळणार नाही.