नवा डोंगर आणि तुझे दात

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (घालणार होतो खरा, पण या खोलीत आडवं व्हायला जागा उरलेली नाही, तेव्हा उभ्यानेच मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो, शेजारीण अजून तुझ्या कुंड्यांवर डोळा ठेवून आहे का, सगळं सविस्तर कळव. तुझं पत्र पोचलं. नाटक तोंडावर आलंय, क्लबाने वकीलबाईंची भूमिका तुला दिलीय, आणि दातांवाचून तुझं ‘साक्षीदार’ ऐकून तालमीत सगळे खो खो हसतात, तेव्हा कवळी कधी पाठवतोस, असं तू जाड रेघ ओढून विचारलं आहेस. सांगतो. दातांचंच सांगायला बसलोय. पण आधी रेल्वेचं सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही.

तर आत्या, जुनं सगळं पाडलं! गेल्या खेपेला तू माझी छोटी रेल्वे टेबलावर फिरताना पाहिलीस आणि चष्मा पुसत म्हणालीस, “गाडी छान आहे रे, पण हे डोंगर आहेत की गाद्या वाळत घातल्यात?” तू निघून गेलीस, मी मात्र त्या वाक्याशी संसार करत बसलो. कारण खरंच होतं गं ते. आत काथ्या, वर ताणलेलं हिरवं कापड, त्यावर रंगवलेला भुसा. गाडी बोगद्यातून निघाली की उशीच्या अभ्र्यातून निघाल्यासारखी दिसायची. शेवटी एका रविवारी सुरी घेतली आणि अख्खा मुलूख सोलून काढला. घरभर एवढा भुसा झाला की तुझ्या सूनबाईने मला आणि केरसुणीला एकदमच बाहेर काढलं.

पाडायला अक्कल लागत नाही, उभारायला लागते, हे मला पाडून झाल्यावर कळलं. दगड काही केल्या दगड दिसेना. (कागदाचा लगदा केला, तो शिळ्या भातासारखा दिसला. थर्माकोल कोरला, तर खोलीत बर्फ पडला.) आता तुला ठाऊकच आहे, मी कवळ्या करणारा माणूस. डॉक्टर माप घेऊन पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतो, त्यावर कवळी बेततो, आणि कवळी गेली की साचा कपाटात पडून राहतो. वर्षानुवर्षांचे जबडे साठले आहेत. तर मी हताश होऊन त्या कपाटात काहीतरी धुंडाळत असताना एक साचा हातून निसटला आणि पडला तो नेमका रुळांच्या कडेला. आत्या, मी खाली बसलोच. काय कातळ होता! चिरा, कपारी, झिजलेले सुळके, जे मला जन्मात कोरता आलं नसतं ते सगळं लोकांनी चावून चावून तयार करून ठेवलेलं होतं.

मग मला कोण आवरणार. टाळूवर ज्या बारीक वळ्या असतात ना (जीभ लावून बघ, सध्या तुला सोपंच आहे), त्या म्हणजे हुबेहूब नांगरलेलं शेत. दाढा पडून गेल्या असतील तिथे मऊ उतार, आणि एकटा सुळा उरला असेल तर त्यावर टेहळणीचा बुरूज. बँकेतल्या कॅशियरचा खालचा जबडा म्हणजे तयार घाट, गाडी त्याच्या कवेतून वळते. हेडबाईंनी उभ्या आयुष्यात कोणाला वाट दिली नाही, त्यांच्यातून मी बोगदा काढला. चहाचा चोथा वाळवून माती केली, जुन्या ब्रशांचं गवत लावलं आणि हिरड्यांसाठी आणलेल्या गुलाबी मालातून स्टेशनचं छप्पर केलं. मधल्या फटी बुजवताना प्लास्टर इतकं भरभर आवळलं की माझी दोन बोटं घाटातच अडकली. नेमका तेव्हाच एका डॉक्टरांचा फोन आला. मी अत्यंत गंभीर आवाजात दाढांविषयी बोलत राहिलो आणि ही चमच्याने मला खणून काढत राहिली.

समोरचा शिंपी पँट द्यायला आला तो स्टेशनामागच्या कड्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या तोंडात बोट घालून त्याने चाचपलं आणि म्हणाला, “हा वाकडा माझा.” मला वाटलं, आता पँट फाडणार. तो गेला आणि बायकोला आणि दोन मेहुण्यांना घेऊन आला. तेव्हापासून गल्लीतलं कोणी ना कोणी आपला जबडा शोधायला येतंय, आणि सापडला नाही तर हिरमुसून जातंय. सगळे नुसतं वा वा करतात. फक्त पुलाच्या टोकाशी एक जागा रिकामी होती. तिथे एक रुंद, भक्कम, कोणाला न जुमानणारा कडा हवा होता. तो मिळाला. कसा, ते खाली लिहितो, इथे कागद संपत आला.

थोरांना नमस्कार सांग म्हणावं, तर तुझ्याहून थोर आता कोणी उरलेलं नाही, म्हणून तो तूच ठेवून घे.

तुझा भाचा

ता. क. : तो कडा तुझा खालचा जबडा आहे. साचा टेबलावर होता, कवळीला हात घालणारच होतो, पण तो इतका खणखणीत निघाला की राहवलं नाही. माप एकदाच वापरता येतं आणि साच्यावर आता झाडी उगवली आहे. उपटला तर पुलासकट घाट खाली येईल. रागावू नकोस.

आणखी ता. क. : उपाय एकच आहे, तू स्वतः इकडे ये. इथले डॉक्टर नवं माप घेतील, मी तुझ्यासमोर बसून कवळी करीन. भाषण पाठ करायला इथे शांतता असते (गाडी बंद असताना). खिडकीची जागा बघून बस.

आत्याबाई, सूनबाईचा नमस्कार. पत्र पाठवायला माझ्याकडे दिलं आहे, म्हणून या चार ओळी माझ्या. तुमच्या जबड्याचा कडा केला, ही थाप आहे. पुलाजवळचा कडाही शिंप्याचाच आहे, वरचा. तुमची कवळी केव्हाच झाली, हातातली सगळी कामं बाजूला सारून यांनी ती आधी केली. पण दात मिळाले की तुम्ही नाटकात रमाल आणि इकडे फिरकणार नाही, म्हणून ती दडवून बसले होते. मला ते पटलं नाही. सोबतच्या डबीत ती ठेवली आहे, यांना पत्ता नाही. घाला, आणि आरशासमोर उभं राहून ‘साक्षीदार’ म्हणून बघा.

नाटक झालं की मात्र याच. गल्लीने कौतुक करून झालं, तरी जेवताना यांचं एकच, आत्या काय म्हणाली असती. मी छान म्हटलेलं यांना पुरत नाही. एकदा येऊन नावं ठेवून जा, म्हणजे यांच्या जिवाला बरं वाटेल. बोगद्यावरची झाडं अजून भांडी घासायच्या काथ्यासारखी दिसतात. मी बोलले नाही, तुमच्यासाठी ठेवलंय.